गमरेभाऊंचा कोल्हा

शुक्रवार, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. स्थळ: मस्कत विमानतळ, चेक-इनच्या रांगेशेजारचा खांब. हजर: मी, शोभा निकम, माझे पती अविनाश, रुवीत दातांचा दवाखाना चालवणारे डॉक्टर मेश्राम, यशवंत गमरे, म्हणजे आमचे गमरेभाऊ, त्यांच्या पत्नी सुमनवहिनी. निरोप द्यायला: गमरेभाऊंची मुलगी पल्लवी, आणि तिच्या कडेवर नुकती चालायला लागलेली ओवी. उशिरा आलेले: डॉक्टर मेश्राम, नेहमीप्रमाणे.

ही नोंद मी त्याच दिवशी मोबाईलमध्ये केली होती. सहलीची व्यवस्था माझ्याकडे असली की मी हजेरी घेते. अल् खुवैरच्या एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात लोकांचे व्हिसा, तिकिटं आणि गाड्या बघण्यात माझी हयात गेली, त्यामुळे दुसरं काही जमत नाही. मस्कतमधल्या आम्हा बौद्ध कुटुंबांची शुक्रवारची वंदना आमच्याच हॉलमध्ये होते. जपानला जाऊ, क्योतोची जुनी विहारं बघू, हे एका शुक्रवारी चहाच्या वेळी निघालं आणि कागद-पेन आपोआप माझ्यापुढे सरकलं.

मी हजेरी घेत असताना गमरेभाऊ छताकडे बघत होते. मग नजर खाली आणली, भिंतींकडे बघितलं आणि मला म्हणाले, "शोभाताई, बाहेर पडायला दोन दारं आहेत. डावीकडचं जवळ. काही झालं तर सगळे डावीकडे."

"काय होणार आहे, भाऊ?" मेश्राम म्हणाले.

"होत नाय तोवर काहीच होत नाय, डॉक्टर."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून एकदा तरी यायचंच.

गमरेभाऊ रुसैलच्या एका केबलच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. मूळचे मंडणगड तालुक्यातले. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात टॉर्च. हॉटेलात गेलो की दाराकडे तोंड असलेली खुर्ची त्यांची. कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की आधी स्वयंपाकघरात जाऊन गॅसची नळी बघायचे, मग बसायचे. लग्नात लोक डिनर सेट देतात, गमरेभाऊ आग विझवायची चादर द्यायचे, लाल पाकिटात घालून. नवीन गाडी घेतली की काच फोडायचा छोटा हातोडा भेट. आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक गाडीच्या दारात तो हातोडा आहे. मुलं त्यांना 'एक्झिट अंकल' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

लोक हसायचे, पण त्यांची भीती नाटकी नव्हती. मी जवळून बघितलंय. एकदा कुरियातहून सहलीवरून परत येताना वाटेत वादी लागली. इकडे वादी म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. वर्षभर दगडगोटे, आणि वर डोंगरात पाऊस झाला की आभाळ निरभ्र असताना पाणी येतं. त्या दिवशी रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं. भाऊंनी आपली गाडी आडवी लावून आमच्या सगळ्या गाड्या थांबवल्या. एक म्हातारे ओमानी पिकअप घेऊन आले, काच खाली करून म्हणाले, "यल्ला, माफी मुश्किला." काही अडचण नाही, चला. भाऊंनी छातीवर हात ठेवून त्यांना सलाम केला आणि गाडी हलवली नाही. दुपार तिथेच गेली. बिर्याणी आंबली, मुलं रडली, पाणी घोट्यावरून नडगीपर्यंतही चढलं नाही.

"वाचलो की नाय?" पलीकडे गेल्यावर भाऊ म्हणाले.

"कशातून?" मेश्रामांनी विचारलं.

"तेच तर."

पण ते हे बोलले तेव्हा गाडी बंद होती आणि स्टिअरिंग त्यांनी अजून दोन्ही हातांनी आवळून धरलेलं होतं. हे फक्त मी पाहिलं, कारण मी पुढच्या सीटवर होते.

दुसरी गोष्ट त्यांच्या शिस्तीची. शुक्रवारी वंदना झाली की बावीस प्रतिज्ञा भाऊ म्हणायचे आणि आम्ही मागून म्हणायचो. खणखणीत आवाज. त्यांच्या घरातही देव-देवी नाही, नवस नाही, उपास नाही, अंगारा नाही. "बावीस म्हणजे बावीस. एकवीस झाल्या की पिशवीला भोक," असं ते नवीन आलेल्या पोरांना सांगायचे. कारखान्यात दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची. एका वर्षी कुणीतरी वंदनेत येऊन चहाडी केली की गमरेभाऊ पूजेला हजर होते. भाऊ शांतपणे म्हणाले, "हजर होतो. दाराबाहेर, अग्निशामक घेऊन. कापूर पेटवणार होते, माझी ड्यूटी होती."

आता घराची गोष्ट, कारण पुढचं सगळं तिथून निघालं. पल्लवीचा नवरा नितीन दुकमच्या बंदरावर कामाला, पंधरवड्यातून एकदा घरी. पल्लवीसाठी भाऊंनी मस्कतजवळच्या अल् अमेरातला एक घर बघितलं. खाली-वर दोन बिऱ्हाडं, दोन्ही रिकामी. वरचं हवेशीर होतं. भाऊंनी जिन्याच्या कठड्याच्या सळयांमधून आपला हात घालून बघितला, मग स्वतःचा गुडघा घालून बघितला. सळयांमधलं अंतर जास्त होतं. ओवी तेव्हा रांगत होती. "वरचं नको," म्हणाले. पल्लवीला खालचं मिळालं. वरचं घेतलं दाऊदभाईंनी. दाऊदभाई खेडकडचे, अमेरातमध्ये त्यांचं हार्डवेअरचं दुकान. दोघे कोकणातले, एकमेकांना टोमणे मारल्याशिवाय चहा जायचा नाही.

"म्हंजे तुमची नात पडू नये म्हणून आमी पडायचं होय?" दाऊदभाई म्हणाले होते.

"तुम्ही पडलात तर जिना मोडेल, दाऊदभाई. तुम्हाला काय होतंय!"

घराच्या मागे, रस्त्यापलीकडे, वादी होती. कोरडी. मुलं तिच्यात क्रिकेट खेळायची. भाऊंनी तीही बघितली असणार. पण त्या दिवशी त्यांचं सगळं लक्ष कठड्यावर होतं.

क्योतोत पहिल्या दिवसापासून एक अडचण आली. आम्ही बुद्धाच्या गावाला जातोय अशा थाटात निघालो होतो, आणि तिथे विहारं आणि देवळं एकमेकांत मिसळलेली. विहाराच्या अंगणात देऊळ, देवळाच्या वाटेवर बोधिसत्त्व. कुठे हात जोडायचे? भाऊंनी पहिल्याच सकाळी नियम काढला. "लाल कमान दिसली की देऊळ, हात खाली. मोठं छपराचं दार दिसलं की विहार, हात वर." नियम चांगला होता, पण शहर ऐकेना. डोंगरावर लाकडी सज्जा असलेलं ते प्रसिद्ध विहार, तिथे आत शिरताना लाल दार आणि पुढे गेलं की कमान. भाऊंनी दोन्ही हात पँटच्या खिशात घातले आणि मूर्तीसमोर पोचल्यावरच काढले.

"पोलीस पकडतील तुम्हाला," मेश्राम म्हणाले. "संशयित इसम, हात खिशात."

"पकडू दे. आग विझवायला भिंतीत पाण्याचा नळ आहे का बघितलंत? सगळं लाकूड. खिळासुद्धा नाय म्हणतात."

भाऊंच्या मोबाईलमध्ये क्योतोचे जे फोटो आहेत त्यात मूर्ती कमी आणि बादल्या जास्त आहेत. जुन्या गल्ल्यांत घरांच्या दारात लाल बादल्या ठेवलेल्या असतात, पाण्याने भरलेल्या, आग लागली तर म्हणून. पहिली बादली बघून भाऊ रस्त्यात थांबले. वाकून पाण्यात बोट बुडवलं. "बदललेलं आहे पाणी," म्हणाले. "ताजं आहे." त्यांचा चेहरा असा झाला होता की सुमनवहिनी हसायला लागल्या. "एवढ्या वर्षांत माझ्याकडे असं बघितलं नाही हो यांनी!"

ते शेवटचं मोकळं हसू.

त्याच विहारात एका मंडपाखाली काळोखी वाट आहे. जिना उतरून तळघरात जायचं, डाव्या हाताने मोठ्या मण्यांची दोरी धरायची आणि पूर्ण अंधारात चालत जायचं. डोळ्यांपुढे स्वतःचा हात दिसत नाही. मी गेले. सांगते, मला घाम फुटला. मागे अविनाश होते, पुढे वहिनी, आणि तरी वाटत होतं की मी एकटी आहे आणि दोरी संपेल. एका वळणावर मधोमध फिरता दगड आहे, त्यावर एवढासाच उजेड. दगड फिरवून मनातली इच्छा सांगायची. वहिनींनी काय मागितलं माहीत नाही.

भाऊ आत आले नाहीत. बाहेर पडायच्या तोंडाशी उभे राहून कोण आलं कोण राहिलं बघत होते. मी बाहेर आले तर त्यांचा चेहरा पांढरा. मला वाटलं, आत आपत्कालीन दिवा नाही म्हणून असेल. त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. ओमानच्या हवामान खात्याचा इशारा होता. अरबी समुद्रातलं वादळ मस्कतच्या बाजूला वळलं होतं.

त्यानंतर भाऊ क्योतोत नव्हते. अंगाने आमच्याबरोबर होते.

त्यांनी पल्लवीला फोन लावला. क्योतोची दुपार, मस्कतची सकाळ. मी शेजारी उभी होते, प्रत्येक शब्द ऐकला.

"पिण्याचं पाणी भरून ठेव. फोन चार्ज कर. पासपोर्ट प्लास्टिकमध्ये. गॅस बंद. ऐकतेस ना? गाडी काढायची नाय. काय वाट्टेल ते झालं तरी पाण्यात गाडी घालायची नाय. घरातच राहायचं."

"बाबा, नितीन म्हणतोय वेळ आहे तोवर अल् खुवैरला निकमकाकूंच्या घरी जा. चावी आहे माझ्याकडे."

"रस्त्यात वादी ओलांडावी लागते. तू हलू नको. घर पक्कं आहे. मी बघितलंय घर."

"बरं बाबा."

फोन ठेवल्यावर भाऊ बराच वेळ त्या लाकडी सज्ज्याला टेकून उभे होते. खाली झाडी होती, लोक फोटो काढत होते. "बरोबर सांगितलं ना मी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बरोबर. आमच्याकडे वादीच्या पुरात माणसांचे जीव जातात ते गाडीत, घरात नाही. हे ओमानमध्ये राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. आजही मी तेच म्हणेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लागेना.

रिंग नाही, मेसेजवर एकच खूण, दुसरी उमटत नाही. नितीनला लागला. तो दुकमला अडकलेला, रस्ता बंद. त्याने रडतच सांगितलं की अमेरातला वीज गेली, टॉवर गेले, रात्रीपासून बोलणं नाही. व्हिडिओ फिरत होते. तपकिरी पाणी, त्यात तरंगणारी गाडी, कुणीतरी गच्चीवरून ओरडतंय. गल्ली ओळखीची होती का नव्हती, कळत नव्हतं. भाऊ तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते, थांबवून, बोटांनी मोठा करून.

मी म्हटलं, आजचं सगळं रद्द करते, हॉटेलवर बसू. सुमनवहिनी म्हणाल्या, "नको ताई. भिंतींकडे बघत बसले तर वेड लागेल. चालवा मला कुठेतरी."

म्हणून आम्ही गेलो. सकाळी हजार मूर्तींच्या मंडपात. लांबच लांब लाकडी दालन, बूट काढून जायचं, आत रांगेत उभ्या सोनेरी मूर्ती, माणसाच्या उंचीच्या, ओळींमागे ओळी. फोटो काढायचा नाही, बोलायचं नाही. तिथे सांगतात की या इतक्या चेहऱ्यांत शोधला तर आपल्या माणसाचा चेहरा सापडतो. ही माहिती मीच आदल्या आठवड्यात ग्रुपवर टाकली होती. वहिनींनी ती वाचली होती. त्या एकेका मूर्तीपुढे थांबून बघत होत्या. मेश्राम, ज्यांना प्रत्येक गोष्टीत विनोद सुचतो, ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "शोभाताई, यांना इथून बाहेर काढा." भाऊंच्या हातात मोबाईल होता. पहारेकऱ्याने खूण केली, आत ठेवा. भाऊंनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि मोबाईल हातातच ठेवला. पहारेकरी त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग दुसरीकडे गेला.

बाहेर बाकावर बूट घालताना भाऊ म्हणाले, "वरचं घर घ्यायला पाहिजे होतं."

मेश्राम वाकून बुटाची नाडी बांधत राहिले.

"कठडा काय, जाळी लावून घेतली असती. एका दिवसाचं काम. दाऊदभाईच्या दुकानातच मिळते जाळी."

"दाऊदभाई आहेत ना वर," मी म्हटलं.

"तो दुकानात असेल. दुकान रस्त्याच्या त्या बाजूला. मीच तिला सांगितलं, हलू नको."

दुपारी कोल्ह्यांच्या डोंगरावर गेलो. जायलाच हवं होतं असं नाही. पण कागदावर पुढचं ठिकाण ते होतं आणि विचार करायची ताकद कुणात नव्हती. ते देऊळ आहे, विहार नाही, याबद्दल कसलीच शंका नाही. पायथ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत शेंदरी कमानी, एकीला एक खेटून, बोगद्यासारख्या. जागोजागी दगडी कोल्हे, गळ्यात लाल कापड, लहान बाळाच्या लाळेऱ्यासारखं. कोल्हा देव नाही, देवाचा निरोप्या, असं लिहिलेलं होतं.

भाऊंचे हात सवयीने खिशात गेले.

अर्ध्या वाटेवर वहिनींना धाप लागली. अविनाश त्यांच्याजवळ बसले, मेश्राम पाणी आणायला गेले. मी वळून बघितलं तर भाऊ नव्हते. हाक मारली. कमानींच्या आत हाक कुठे जाते कळत नाही. वर जावं की खाली? मला त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला लाज नाही: मला वाटलं, हा माणूस कुठूनतरी उडी टाकेल. मी धावले. या वयात, त्या पायऱ्यांवर.

मुख्य वाट सोडून डावीकडे झाडीत एक पायवाट जाते. तिथे शेवाळलेले छोटे दगड, खेळण्यासारख्या छोट्या कमानी, विझलेल्या मेणबत्त्या. कुणाकुणाची खासगी देवस्थानं असतात तिथे. भाऊ एका कोल्ह्यापुढे गुडघ्यांवर बसले होते. तो कोल्हा जुना होता, एक कान तुटलेला, गळ्यातलं कापड ऊन-पावसाने कुजून दोऱ्याएवढं उरलेलं. भाऊंचे हात जोडलेले होते आणि ओठ हलत होते.

मी पाय न वाजवता मागे फिरणार होते. पण पाचोळा वाजला.

त्यांनी मान वळवली. मला बघितलं. हात सोडले नाहीत. लहान मूल चोरी पकडल्यावर बघतं तसं नाही. बुडणारा माणूस काठावरच्या माणसाकडे बघेल तसं बघितलं. मग पुन्हा तोंड फिरवलं आणि जे म्हणत होते ते पूर्ण केलं.

उठल्यावर पँटच्या गुडघ्यावरची माती झटकली. "चला," म्हणाले. "सुमन एकटी बसली असेल."

खाली उतरताना, शेंदरी कमानींच्या मधोमध, त्यांचा फोन वाजला. अनोळखी ओमानी नंबर. त्यांनी तो माझ्या हातात दिला. त्यांना घेववेना. मी स्पीकरवर टाकला.

"गमरेभाऊ? दाऊद बोलतोय. एका पोलिसाचा फोन घेतलाय, लवकर ऐका. पोरी माझ्याकडं वर हाईत. दोघी. काय एक झालं नाय."

मी म्हटलं, "दाऊदभाई, मी शोभा. ओवी बरी आहे?"

"बरी म्हंजे! माझ्या मानगुटीवर बसून वर आली. दार उघडंना पाण्यानं, मागच्या खिडकीचे गज कापले आमी. पोरगी छातीएवढ्या पाण्यात उभी, बाळाला डोक्यावर धरून. आता बिस्कुटं खातेय. गमरेभाऊंना सांगा, जिना मोडला नाय."

भाऊ कमानीच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसले. येणारे-जाणारे थांबले. एका जपानी बाईंनी पर्समधून रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि तोंडावर धरून ठेवला. मी वहिनींना सांगायला धावले.

परतल्यावर सगळे म्हणाले, चला, वादळ टळलं. ग्रुपवर फुलांची चित्रं आली. पल्लवीचं घर गाळाने भरलं होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून उपसलं. फ्रिज गेला, गाड्या गेल्या, ओवीचा पाळणा गेला. माणसं राहिली.

पुढच्या शुक्रवारी वंदना झाली. भाऊ नेहमीच्या जागी उभे राहिले, प्रतिज्ञा म्हणायला लागले, आम्ही मागून. एका ठिकाणी त्यांचा आवाज थांबला. आम्हाला वाटलं, घसा बसला. अविनाशनी ती ओळ पूर्ण केली, आणि पुढच्या प्रतिज्ञेपासून भाऊंचा आवाज पुन्हा लागला, तसाच खणखणीत. पुढच्या शुक्रवारी तीच जागा, तेच. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी मेश्रामांना पुढे केलं. "तुम्ही म्हणा, डॉक्टर. आता माझा आवाज पुरत नाय." मेश्रामांनी थट्टा केली की दात काढून आवाज सुधारतो का बघू. भाऊ हसले. सर्वांत मागे, दाराजवळ जाऊन उभे राहिले.

एके दिवशी दुपारी ते माझ्या ऑफिसात आले. हातात कागदी पिशवी. समोर बसले, उठले, काचेचं दार लावून पुन्हा बसले. दार बंद करून बसलेले गमरेभाऊ मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

पिशवीत लाल कापड होतं. रुवीच्या शिंप्याकडून शिवून आणलेलं, गोल, दोन बंद लावलेले, कडेला पांढरी नाडी. "वहिनींनी शिवलं असतं की," मी म्हटलं.

"तिला माहीत नाय. कुणालाच नाय. शिंप्याने विचारलं, बच्चे का है? मी म्हटलं, हां, बच्चे का."

मग त्यांनी सांगितलं. त्या डोंगरावर त्यांनी नवस केला होता. पोर वाचली तर नवं कापड आणून बांधीन. कुणाशी बोलत होतो ते मला माहीत नाही, म्हणाले. समोर जे होतं त्याच्याशी बोललो. त्याचं कापड फाटलेलं होतं, तेवढंच दिसलं.

"भाऊ, झालं ते झालं," मी म्हटलं. "पोरीला दाऊदभाईंनी वाचवलं. तुमचा फोन वाजला तेव्हा ती आधीच वर पोचून बिस्किटं खात होती. तुम्ही गुडघे टेकण्याच्या आधीच. हिशेब लावा."

"लावला." ते कापडाची घडी नीट करत होते. "मला कळतंय, ताई. मी दगडाला घाबरत नाय. पण ओवीला परवा ताप आला आणि माझे हातपाय गार पडले. फेडलं नाय म्हणून तर नाय? असा विचार येतो. मी पोरांना काय शिकवलं आयुष्यभर? आणि बघा, येतोय."

"कुरियर करू या. इथून जपानला जातं."

"कुणाच्या नावाने? श्री. कोल्हा, डावीकडची पायवाट?"

आम्ही दोघंही हसलो, आणि मग त्यांना हसू आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली. "तुम्ही फिरणाऱ्या आहात. कधी पुन्हा जाणं झालं तर. नाही झालं तरी चालेल." ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "यादीत लिहू नका. डोक्यात ठेवा."

वर्षभरात त्यांची निवृत्ती आली. इथे निवृत्ती म्हणजे व्हिसा खलास, चला घरी. पल्लवी आणि नितीन राहिले, अमेरातमध्येच, पण आता वरच्या मजल्यावर, दुसऱ्या गल्लीत, जिन्याला जाळी लावून. भाऊ-वहिनी मंडणगडला निघाले. विमानतळावर आम्ही सगळे होतो. दाऊदभाई खेडच्या त्यांच्या भावासाठी खजुराचा डबा घेऊन आले होते आणि वजनावरून भाऊंशी भांडत होते.

सुरक्षा तपासणीच्या रांगेत भाऊंनी बूट काढले, पट्टा काढला, खिशातला टॉर्च काढून ट्रेमध्ये ठेवला. मग मागे वळून पाहिलं. मला वाटलं, दारं बघताहेत. पण ते दारं बघत नव्हते. काचेच्या अलीकडे ओवी आजोबांना हात हलवत उभी होती, आणि ते तिच्या कपाळाकडे बघत होते, लांबून ताप दिसतो का बघावं तसं. मग पायांतले मोजे सावरत, बूट हातात घेऊन पुढे गेले.

आता ओवी शाळेत जाते. इंग्रजी फाडफाड बोलते, मराठी अडखळत. मंडणगडहून भाऊंचा फोन येतो तो दोनच वेळी: ओवी आजारी पडली की, आणि ओमानच्या हवामान खात्याचा इशारा आला की. तो इशारा आमच्या आधी त्यांना कळतो. कापडाबद्दल ते कधीच विचारत नाहीत. विचारतात, "काय शोभाताई, या वर्षी कुठे फिरायला?"

दरवर्षी मी काहीतरी सांगते. अविनाशच्या गुडघ्याचं ऑपरेशन, ऑफिसची सुट्टी, तिकिटांचे भाव. सगळं खरं असतं. दुसऱ्याचा नवस फेडणं त्या बाविसांत कुठे बसतं, हे मी अजून ठरवलेलं नाही, आणि कुणाला विचारणारही नाही. पण अमेरातवर ढग दिसले की मीही पल्लवीला फोन लावते, आणि ती उचलेपर्यंत श्वास घेत नाही.

आज सकाळी इशारा आला. भाऊंचा फोन येऊन गेला. पल्लवीने चौथ्या रिंगला उचलला; आंघोळीला गेली होती म्हणाली. लाल कापड माझ्या कपाटात आहे, वरच्या फळीवर, घडी न मोडता. क्योतोला जायचं राहिलं आहे.